काकीचं काकण

"पोरी, तुझी काकी उठली."

तात्यांचा हा फोन आला तेव्हा उजाडायचं होतं. मी बारामतीत, माझ्या भाड्याच्या खोलीत होते. काकीचं तेरावं होऊन काही आठवडे झाले होते. तात्यांचा आवाज कापत नव्हता, त्यात रडूही नव्हतं. दूधवाला येऊन गेला, हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

"कोण उठलं, तात्या?"

"काकी. तुज्या फोनात बग की. मला वाटलं एकट्या मलाच दिसतंय."

काकी गेल्यापासून न उघडलेलं ॲप मी उघडलं. जास्वंदीच्या फुलापुढची हिरवी रेघ रात्रभर खाली पडून असायची, ती आता हळूहळू वर चढत होती. काकी असताना रोज पहाटे चढायची तशीच. आधी थोडी, म्हणजे अंथरुणावर उठून बसली. मग जरा जास्त, म्हणजे अंगणात गेली. मग एक उंच टप्पा, म्हणजे म्हशीखाली बसली. ही रेघ काकीच्या नाडीची होती. ज्या हाताची ही नाडी, तो हात मी तिरडीवर हिरव्या बांगड्यांसकट पाहिला होता.

मी फोन उलटा करून गादीवर ठेवला. पंख्याचा आवाज ऐकत बसले. थोड्या वेळानं फोन पुन्हा सुलटा केला. काकी अजून धार काढत होती.

काकी म्हणजे माझी चुलती. माझं मूळ गाव सुप्याकडचं, कोरडवाहू. चौथीनंतर पुढच्या शिक्षणासाठी आईवडिलांनी मला बावड्याला, चुलत्यांकडे ठेवलं. तात्या आणि काकीला मूलबाळ नव्हतं. थोडा ऊस, एक म्हैस आणि मी, एवढाच त्यांचा संसार. काकीनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण दहावीच्या प्रत्येक पेपराला ती केंद्राबाहेर लिंबाखाली डबा घेऊन बसलेली असायची. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. पदवीच्या फोटोत काकी माझ्यापेक्षा ताठ उभी आहे.

बारामतीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कामावर लागले, तेव्हा मनगटावर बांधायच्या एका यंत्राचे आराखडे मला इंटरनेटवर सापडले. कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी ते सगळ्यांसाठी उघडे ठेवले होते. सर्किट, सॉफ्टवेअर, सगळं. कोणीही घ्यावं, बनवावं, बदलावं. फक्त आपण केलेली सुधारणा पुन्हा सगळ्यांना द्यावी. मला ते वाचून आमच्याकडची सावड आठवली. आज तुझ्या रानात खुरपायला मी, उद्या माझ्या रानात तू.

बावड्याच्या बचत गटातल्या बायकांना उन्हात खुरपताना चक्कर यायची. हे यंत्र नाडी आणि कातडीची उष्णता मोजायचं, आणि जास्त झालं की मनगटावर थरथरायचं. मग बाईनं सावलीला जायचं. दूध केंद्राच्या मागच्या खोलीत आम्ही सगळ्यांनी मिळून ती यंत्रं जोडली. बायकांनी त्याला पहिल्याच दिवशी नाव दिलं, काकण.

माहिती गावाबाहेर जात नव्हती. पाण्याच्या टाकीवर एक तापमापक आणि एक अँटेना होती, आणि गटाच्या खोलीत एक छोटा संगणक. पडद्यावर नावं घालायची नाहीत असं बायकांनी ठरवलं. प्रत्येकीनं एक चित्र निवडलं. कोणी मोर, कोणी कंदील. काकीनं जास्वंद घेतली. भिंतीवर गटाचा नियम लिहिला होता: जिची नाडी, तिची माहिती. तिच्याशिवाय कोणी उघडायची नाही, कोणी पुसायची नाही. काकीनं तिची रेघ दोघांनाच दाखवायचं ठरवलं होतं, तात्यांना आणि मला.

एकदा एका विमा कंपनीचा माणूस गाडी घेऊन आला होता. सगळ्यांना चकचकीत नवीन पट्टे फुकट देतो म्हणाला, फक्त माहिती आमच्या ऑफिसात येईल.

काकीनं विचारलं, "आन् ती घिऊन तुमी काय करनार?"

"मावशी, तुमच्याच फायद्याचं आहे. तुमची तब्येत आम्हाला कळत राहील."

"माजी तब्येत माज्या नवऱ्याला अजून कळंना, तुमाला कळून काय करायचीय?"

खोली हसण्यानं भरून गेली. तो माणूसही हसला, चहा पिऊन निघून गेला. पुढं कितीतरी दिवस तात्या घरात शिरताना विचारायचे, "बाईसायेब, तब्येत कशी हाय? कंपनी इचारतीया."

उन्हाळा तोंडावर आलेला असताना काकी गेली. ओट्यावर गहू निवडत बसली होती, तिथंच कलंडली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या आजारापुढं काकणाचा काही उपयोग नव्हता. ते थरथरत राहिलं असणार.

ती सवाष्ण गेली. हिरवा चुडा हातात तसाच ठेवला. पण काकणात बॅटरी होती, ते आगीत जाऊन चालणार नव्हतं. मी काकीच्या पायावर डोकं टेकून बसले होते. गटाच्या अध्यक्ष, ज्यांना सारं गाव आक्का म्हणतं, त्यांचा हलका आवाज मला ऐकू आला होता, "तेवढं काकण वाढवा गं तिचं." आमच्याकडं बांगडी फोडली, काढली असं कोणी बोलत नाही. बांगडी वाढवतात. दिवा विझवत नाहीत, तोही वाढवतात. कोणीतरी काकीच्या मनगटावरचा पट्टा सोडला. ते शब्द कानावर पडले आणि विरून गेले.

तात्यांचा फोन आला त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि दुपारच्या एसटीनं इंदापूर, तिथून बावडा गाठलं. घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. घराचं दार उघडं, आत कोणी नाही. मी मागल्या दारी गेले आणि उंबऱ्यावरच थांबले.

गोठ्यात काकी बसली होती. तिची वांगी रंगाची साडी, डोक्यावरून पदर, म्हशीच्या पोटाला टेकवलेलं कपाळ, चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज.

पदर मागं सरला. तात्या होते.

"आलीस व्हय? भ्यालीस का काय?" ते म्हणाले. "हिला दुसऱ्याचा हात चालत न्हाय. काकीचं लुगडं पांघरल्याबिगार पान्हाच सोडंना."

गावाकडं असं करतात, हे मला माहीत होतं. जनावर वासानं ओळखतं. तरी पुढचा कितीतरी वेळ मला त्यांच्याकडं नीट बघवेना.

घरात फोन चुलीजवळ, साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता. तात्यांनी चहा केला. दोन कप भरले. एक स्वतः घेतला, दुसरा फोनपुढं ठेवला. मी समोर बसले होते, पण मला विचारलं नाही. मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. त्यांनी आणखी एक पेला काढला आणि पातेल्याच्या तळाशी उरलेला चहा त्यात ओतून मला दिला.

"आता जरा टेकंल ती," रेघेकडं बघत ते म्हणाले. रेघ खाली येऊ लागली. "दिसभर राबती गं. दुपारी ऊन लई हुतं, तर नाडी कशी धावत हुती. मी म्हनलं, बाय, सावलीत बस."

त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, उजव्यात उतरू लागला होता. बारामतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आता उशीर केला तर नजर परत येईलच असं नाही. ऑपरेशनचं सगळं काकीनंच ठरवलं होतं. मी तो विषय काढला.

"तिला हितं एकटीला टाकून कसा यिऊ?" तात्या म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात वेडसरपणा कुठंच नव्हता. तेच मला जास्त भयंकर वाटलं. रेघ उठली की ते उठायचे, टेकली की टेकायचे. संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणारे शेजारी येईनासे झाले होते. एकानं मला दुसऱ्या दिवशी गाठून सांगितलं, "तात्या बोलता बोलता मधीच म्हनत्यात, हळू बोला, ती निजलीया. अंगावर काटा येतुय बग."

तात्या जेवून झोपल्यावर मी त्यांचा फोन उचलला. रेघ बोटांनी मोठी केली, आणखी मोठी केली. मग ती तुटली. ती रेघ नव्हतीच. एकमेकांना चिकटून मांडलेले बारीक ठिपके होते.

सकाळी दूध केंद्रामागच्या खोलीत जाऊन मी संगणक उघडला. कंपनीचं बंद डब्यातलं सॉफ्टवेअर असतं, तर मला कधीच काही कळलं नसतं. इथं सगळं उघडं होतं, वाचायला मिळालं. मूळ बनवणाऱ्यांनी त्यात एक सोय ठेवली होती. ऊस डोक्यावर गेला की संदेश टाकीपर्यंत पोचत नाही, बाई परगावी लग्नाला गेली तर मुळीच पोचत नाही. मग मधली जागा रिकामी राहू नये म्हणून एक बटण होतं. ते दाबलं की सॉफ्टवेअर त्या बाईच्या जुन्या दिवसांवरून पुढचे दिवस रचत जायचं. ती केव्हा उठते, केव्हा टेकते, ऊन वाढलं की तिची नाडी किती वाढते, हे सगळं त्यानं तिच्याकडूनच शिकलेलं असायचं. टाकीवरच्या तापमापकाकडं बघून ते रोजचा दिवस मांडायचं, पण ठिपक्यांनी, म्हणजे खरं कोणतं आणि रचलेलं कोणतं ते ओळखू यावं. काकीच्या नाडीवर हे बटण दाबलेलं होतं. ती गेली त्याच दुपारी.

मी आक्कांकडं गेले. त्या अंगणात शेवग्याच्या शेंगा निवडत होत्या.

"आक्का, काकीचं बटण कुणी दाबलं?"

"मीच की," त्या म्हणाल्या. "तुज्या देखतच पट्टा सोडला. मग म्हनलं तुमच्या घरच्या फोनात बी बंद कराया पायजे, उगा त्या पोरीच्या जिवाला घोर. तर हितं स्वच्छ लिवलंय, वाढवा. मी म्हनलं, कुना शान्या बाईनं लिवलंय गं हे. आपल्या रीतीचं लिवलंय."

मी त्यांच्या शेजारी मातीतच बसले. ॲपचे मराठी शब्द माझे नव्हते. कुणीतरी कुठल्यातरी शहरात बसून, पदरचा वेळ खर्च करून, सगळ्यांसाठी ते भाषांतर केलं होतं. त्या माणसाला म्हणायचं होतं, नोंद पुढं वाढवा. शब्द बरोबरच होता. आक्कांनीही बरोबरच वाचला होता. मिटवायचं म्हणून आक्कांनी बटण दाबलं, आणि काकी दुसऱ्या पहाटे उठून म्हशीखाली बसली.

मी समजावून सांगितलं तेव्हा आक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हंजी इतके दीस मी तिला राबवाया लावली व्हय?" त्या म्हणाल्या.

खरं तर मी तिथल्या तिथं ते बंद करू शकत होते. पण भिंतीवरचा नियम समोर होता. जिची नाडी, तिची माहिती. तिच्याशिवाय कोणी पुसायची नाही. मेलेल्या बाईचं काय, हे आम्ही कोणीच त्यात लिहिलं नव्हतं. आक्कांनी त्याच दिवशी दुपारी गट बोलावला. तात्यांनाही बोलावलं. ते फोन छातीशी धरून दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

मी सगळं सांगितलं. ठिपके दाखवले. तात्यांनी फोन डोळ्याजवळ नेला.

"मला तर सलग दिसती," ते म्हणाले.

मग कंदीलवाली बाई, जी एरवी गप्प असते, हळूच म्हणाली, "मंग माजी बी अशीच चालू ठिवता यील का गं? माज्या मागं?"

खोलीत एकदम गार वाटलं. दोघी-तिघींनी माझ्याकडं बघितलं, त्यांच्याही मनात तेच असावं.

"गप बस," आक्का कडाडल्या. "जल्मभर धारा काढल्यास, आता मेल्यावर बी काढ!"

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्या हसल्या, आणि हसता हसता दोघींनी डोळ्याला पदर लावला.

आक्कांनी मग दाराकडं तोंड केलं. "तात्या, तुमची बायकू हुती, पर आमची बी मैतरीन हुती. ह्यातलं काय तिनं सांगितलं न्हाय, तवा आमी बी हात लावनार न्हाय. तुमीच ठरवा. पर डोळं घालवून ठरवू नगा."

"तुमाला काय तरास हाय तिचा?" तात्या म्हणाले, आणि चालू लागले.

नियमात एक ओळ वाढली. बाई गेल्यावर तिची नोंद कोणी मिटवायची, ते तिनं हयातीत सांगून ठेवायचं. शब्दही बदलायचे ठरले. पुढं चालू राहण्याच्या बटणावर "चालू ठेवा" आणि मिटवण्याच्या बटणावर "वाढवा". मिटवण्याच्या बटणावर आधी "हटवा" होतं. "हटवा म्हनं," आक्का पुटपुटल्या, "मानूस हाय का अतिक्रमन!" मी तो बदल केला आणि कारणासकट मूळ प्रकल्पाकडं पाठवला. काही दिवसांनी तिकडच्या कोणीतरी तो स्वीकारला. कोण, कुठला, मला माहीत नाही.

त्यानंतर मी दर रविवारी बावड्याला जात राहिले. ऊन चढत गेलं आणि उन्हाबरोबर काकीची दुपारची नाडीही. बारामतीत कामावर असताना मीही चोरून बघायला लागले होते. आता ती टेकली असेल, म्हणायचे, आणि फोन उघडला की ती टेकलेली असायची. एके दिवशी काम करता करता मी शेजारच्या मुलीला "हळू बोल" म्हणाले. माझ्याच आवाजानं मी दचकले. त्या दिवसापासून मी काकीची रेघ उघडणं बंद केलं. पण तात्यांना ते सांगायची हिंमत झाली नाही. त्यांचा डावा डोळा आता पांढरा दिसत होता.

मग एका रविवारी मी पोचले तर तात्या ओट्यावर बसले होते. फोन शेजारी उपडा ठेवलेला. काकीची साडी घडी घालून मांडीवर.

"म्हस आटली," ते म्हणाले.

म्हैस गाभण होती. व्यायच्या आधी काही महिने जनावराची धार तोडतात, पोटातल्या रेडकासाठी.

"तुजी काकी आदीच सांगायची. कासंला हात लावला की वळखायची. आता तिला वढू नका, म्हनायची, दमलीया. त्या दिशी मी एक चरवी जास्त काढली तर सांजच्याला मला भाकरी दिली न्हाय तिनं." ते थोडं हसले. मग त्यांनी फोन सुलटा केला. "म्हस आटून आठवडा झाला. तरी ही रोज उठती, आन् जाऊन बसती तिच्याखाली. रोज. तू सांग, तुजी काकी गाभन म्हशीला आशी पिळंल व्हय?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग ही कोन हाय?"

मला जे उत्तर माहीत होतं ते मी आधीच देऊन चुकले होते. ठिपके, तापमापक, जुने दिवस. तात्या फोनकडं असं बघत होते, जसं आपण घरात शिरलेल्या परक्या माणसाकडं बघतो.

"ते मिटवायचं बटन कुठलं गं?"

मी दाखवलं. वाढवा. त्यांनी अक्षरं डोळ्याजवळ नेऊन लावली, आणि त्यांचं बोट पुढं गेलं. मग मागं आलं.

रेघ तळाला संथ पडून होती. काकीची दुपारची झोप.

"आत्ता नगं," तात्या म्हणाले. "निजलीया. उटू दे."

आम्ही बसून राहिलो. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. मला जाणवलं की मीही श्वास हळू घेते आहे. ऊन अंगणातून गोठ्याकडं सरकलं, तशी रेघ हलली. थोडी वर. मग आणखी.

"उटली," तात्या म्हणाले.

ते आत गेले. स्टोव्हचा आवाज आला. दोन कप घेऊन आले, एक फोनपुढं ठेवला. वाफ फोनच्या काचेवर गेली. ते आपला चहा सावकाश प्याले, बशीत ओतून, शेवटच्या घोटापर्यंत. मग धोतराला बोट पुसून त्यांनी बटण दाबलं.

रेघ जिथं होती तिथं थांबली. तिच्यापुढं पांढरं राहिलं.

तात्यांनी फोनपुढचा कप उचलला आणि माझ्याकडं सरकवला.

"घे, निवतुय," ते म्हणाले. "मग बारामतीची यष्टी बगू."